आधी भार टाकायला शीक

पोरी, आधी घरातला जुना लोड शोध. तक्क्यांच्या मागे कुठेतरी पडलेला असेल. नाहीच सापडला तर दोन जाड चादरींची घट्ट वळकटी कर आणि दोन्ही टोकं नाडीने बांध. एक बिनहाताची, न डगमगणारी खुर्ची लागेल. ओढणी पट्ट्याचं काम करते. जमिनीवर चटई हवी, गादी नको. एवढ्यावर पहिले दोन-तीन महिने सहज निभतात. कमळं छापलेली महागडी मॅट आणि तसले कपडे आत्ता मागवू नकोस. नवं सामान आलं की आपलं लक्ष सामानातच अडकतं.

तू फोनवर सांगितलंस त्यावरून हे लिहिते आहे. मान वळत नाही, रात्री तीनला टक्क जाग येते, डॉक्टरांनी एक्स-रे काढला तर त्यात काही नाही. असणार कुठून? इतकी वर्षं आईला उचलणं, कुशीवर वळवणं, रात्रीची औषधं, सगळं तू एकटीने केलंस. दादा बाई ठेवू म्हणाला तर तूच नको म्हणालीस. ती गेली, आता उचलायला कुणी नाही, पण खांदे अजून कामावर आहेत. त्यांना सुट्टी झाल्याचं कुणी सांगितलेलंच नाही. ते सांगायचं काम आता तुझं, आणि ते शब्दांनी होत नाही.

पहिला आठवडा फक्त एक गोष्ट कर. चटईवर उताणी पड आणि पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेव. गुडघे काटकोनात येतील. खुर्ची उंच वाटली तर कमरेखाली चादरीची एक घडी सरकव. डोक्याखाली दुसरी घडी, एवढीच उंच की हनुवटी कपाळापेक्षा किंचित खाली येईल. हनुवटी छताकडे गेली की मन भटकतं, घशाशी ताण येतो. करून बघ, लगेच कळेल. डोळ्यांवर सुती रुमालाची घडी. हात अंगापासून थोडे दूर, तळवे वर. दहा मिनिटं. मोबाइल दुसऱ्या खोलीत, गजर लावायचा तर तिथेच लाव.

आता खरी परीक्षा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लेकीला बोलाव. तुझं मनगट धरून हात वीतभर उचलायला सांग आणि तू काहीही करू नकोस. मी सांगते काय होईल ते. तिने बोटं लावायच्या आत तुझा हात आपणहून वर येईल. मी शिकवत असताना वर्गातल्या बहुतेक बायकांचं असंच व्हायचं. ‘हात सोडा’ म्हटलं की त्या हात उचलूनच द्यायच्या, वर ‘सोडला की!’ असंही म्हणायच्या. मी माझा हात काढून घेतला की त्यांचा हात तसाच हवेत, कुणीही न धरलेला. मग त्यांचं त्यांनाच हसू यायचं. अनेक वर्षं दुसऱ्याचं ओझं उचललेल्या बाईला स्वतःच्या हाताचं वजन दुसऱ्याच्या हातात द्यायला जमत नाही. स्वतःला ओळखणं, आत्मशोध वगैरे जे मोठमोठं बोललं जातं ना, त्याची सुरुवात माझ्या मते इथे होते. आपला हात आपल्याला सोडता येत नाही, हे कळणं ही लहान गोष्ट नाही.

हात सोडायचा प्रयत्न मात्र करू नकोस, प्रयत्नाने तो आणखी ताठ होतो. त्यापेक्षा मनगटाची मागची बाजू चटईला कुठे टेकली आहे तेवढं बघ. मग कोपर, मग खांद्याचं पातं. टेकलेल्या जागा मोजत जा. न टेकलेल्या जागांची काळजी नको, त्या आपल्या वेळेने येतात.

तुला वाटेल, आत्या म्हातारी झाली, आता लोळायलाच शिकवते आहे. पुण्यात योग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अय्यंगारगुरुजींचे ते कमानीसारखे वळलेले फोटो येतात. पण त्यांचा मूळ इतिहास बघ. १९१८ साली जन्मलेलं हे पोर मलेरिया, टायफॉइड, क्षय अशा दुखण्यांनी पिचलेलं होतं. १९३७ मध्ये ते पुण्यात आले ते डेक्कनवर शिकवायला, अंगात धड ताकद नसताना. पुढे १९७९ मध्ये, साठी उलटल्यावर, स्कूटरच्या दोन अपघातांनी त्यांचा पाठकणा, खांदा आणि गुडघे इतके दुखावले की पुस्तकभर फोटो देणाऱ्या या माणसाला साध्या आसनांपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. खुर्ची, वीट, पट्टा, भिंतीतले दोर, लोड ही त्यांची देणगी आहे. मॉडेल कॉलनीतल्या त्यांच्या संस्थेत, जी १९७५ मध्ये त्यांच्या दिवंगत पत्नीच्या नावाने उभी राहिली, या साहित्याचे ढीग असतात. व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन १९५२ मध्ये त्यांना मुंबईत भेटले, तेव्हा थकव्याने आणि झोपेच्या तक्रारीने हैराण होते. पहिल्याच भेटीत त्यांना पडल्यापडल्या गाढ झोप लागली, असं सांगतात. जगभर जो योग गेला त्याची एक वाट अशी झोपेतून गेली, म्हण ना.

तेव्हा आधार घेणं म्हणजे कच्चेपणा, ही समजूत चटईवर येण्याआधी काढून टाक. पतंजलींनी जवळजवळ दोनशे सूत्रांत आसनाला जेमतेम तीन दिली, आणि त्यांत कुठेही पायाचा अंगठा कपाळाला लावा असं म्हटलेलं नाही.

श्वासाचं सांगते. त्याला हात लावू नकोस. तुझ्या त्या ॲपवर चार मोजून घ्या, सात मोजून रोखा, आठ मोजून सोडा असं काहीतरी असतं ना, ते सध्या बंद. तू आधीच सगळं मोजूनमापून करणारी, श्वासही मोजायला लागलीस तर ती आणखी एक ड्युटी होईल. नुसतं उच्छ्वास संपताना काय होतं ते बघ. तो पुरता संपायच्या आधीच तू पुढचा ओढून घेतेस का? बहुतेक घेत असशील. घाईतली माणसं घेतातच. तो जरा लांबू दे, ओढू नकोस. उच्छ्वासाबरोबर हृदयाचे ठोके किंचित मंदावतात आणि श्वास घेताना वाढतात, ही निसर्गाचीच व्यवस्था आहे. निवांत पडून मनगटावर नाडी धरलीस तर बोटांनाही कळेल. म्हणून सावकाश सोडलेल्या श्वासाने माणूस शांत होतो, त्यात चमत्कार नाही. झोप येत नसेल तर कुशीवर वळून, ओठ मिटून, ऐकू येईल न येईलसा भ्रमरासारखा गुंजारव कर. श्वास आपोआप लांबतो, मोजावं लागत नाही.

श्वास रोखणं, पोट आत ओढून धरणं, भस्त्रिकेचे भाते, हे व्हिडिओ बघून अजिबात करायचं नाही. लोणावळ्याला कैवल्यधाम उभारणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ च्या सुमारास उड्डियान आणि नौली करणाऱ्यांना थेट क्ष-किरण यंत्रासमोर उभं केलं, आतला दाब मोजला आणि नौलीत मोठ्या आतड्यात चक्क पोकळी तयार होते हे दाखवलं. शंभर वर्षांपूर्वी एक संन्यस्त वृत्तीचा माणूस यंत्र लावून तपासतो की ही क्रिया आत नेमकं काय करते, आणि आपण आज रीळ बघून ती बाल्कनीत करतो! आतला दाब बदलणारी गोष्ट समोर बसलेल्या शिक्षकाकडूनच शिकावी.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उभी राहा. त्याआधी तुझ्या घरात घालायच्या जुन्या चपला उलट्या करून खिडकीशी ने. दोन्ही टाचांची झीज बघ. सारखी नसेल. एका चपलेची बाहेरची कड जास्त खाल्लेली असेल, किंवा एकीच्या अंगठ्याखाली खळगा पडला असेल. तू आईला उचलताना कुठल्या पायावर जोर घेत होतीस ते त्या रबरात लिहिलेलं आहे. मग भिंतीला पाठ लावून ताडासनात उभी राहा, टाचा भिंतीपासून दोन बोटं पुढे. डोळे उघडे. दोन्ही टाचांवर सारखं वजन दे. आता तू वाकडी उभी आहेस असं तुला वाटेल. सरळ उभं राहिल्यावर वाकडं वाटणं, यात घाबरण्यासारखं काही नाही, सवयीला तसंच वाटतं. मिनिटभर तशीच थांब. रांगेत उभी असशील, गॅसपाशी पोळ्या करत असशील, तेव्हाही टाचांकडे लक्ष जाऊ दे. या अभ्यासाला वेगळा वेळ लागत नाही, आणि खरं सांगायचं तर आसनांपेक्षा याचाच उपयोग जास्त होतो.

मानेला थेट हात घालायचा नाही. गोल गोल फिरवायची तर मुळीच नाही. मान हा बळी आहे, गुन्हेगार खांदे आहेत. खुर्चीच्या पाठीवर किंवा ओट्यावर तळवे टेकव, पावलं मागे नेत कमरेतून वाक, पाठ टेबलासारखी सपाट होऊ दे, डोकं दोन दंडांच्या मध्ये. इथे पाच-सहा श्वास. काखेपासून कमरेपर्यंतची बाजू लांब होते, तेव्हा मानेला आपोआप जागा मिळते. मग ओढणी डोक्यामागे, दोन्ही टोकं हातात, डोक्याचं वजन ओढणीत सोड. पुन्हा तेच, सोडायला शिकायचं.

आता जे सांगते ते नीट ऐक. सुप्त बद्धकोणासन करशील तेव्हा रडू येऊ शकतं. लोड पाठीमागे उभा, कंबर लोडाच्या टोकाला टेकलेली, पाठ आणि डोकं लोडावर, डोक्याखाली घडी, तळपाय एकमेकांना लावलेले, गुडघ्यांखाली दोन्हीकडे उशा. छाती अशी उघडी टाकून आपण एरवी कधी पडतो? तू तर स्मशानातून आल्यावरही पाहुण्यांच्या चहाचं बघत होतीस, मी पाहिलं आहे. तेव्हा डोळ्यांच्या कडांतून कानात पाणी गेलं तर जाऊ दे. पुसायची घाई नको आणि शोधायचीही घाई नको. हे रडू कशाचं, आईचं की आणखी कशाचं, त्याचा अर्थ काय, हे प्रश्न चटईवर आणायचे नाहीत. हुंदके आवरेनासे झाले, अंग थरथरलं किंवा श्वास अडल्यासारखं वाटलं, तर डोळे उघड, पंख्याकडे बघ, टाचा चटईवर दाब, कुशीवर वळून उठून बस आणि पाणी पी. त्या दिवशी पुरे. धीराने रेटून नेण्यासारखं त्यात काही नसतं.

हल्ली एक बोलणं फार ऐकू येतं, जुनं दुःख म्हणे कमरेच्या सांध्यात साठून राहतं आणि अमुक आसनाने ते बाहेर पडतं. सांध्यात दुःखाची पिशवी असते असं मी तरी मानत नाही. रडू दाबायचं तर जबडा आवळावा लागतो, श्वास आखडावा लागतो, खांदे वर घ्यावे लागतात. वर्षानुवर्षं ते केलं की सवय होते. ती सवय सैल झाली की दाबलेलं वर येतं, इतकं साधं असावं. पण शरीराच्या वाटेने मनाच्या जखमेपर्यंत जाता येतं, हे मात्र आता डॉक्टरही तपासून सांगतात. बेसेल व्हॅन डर कोल्क या अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या आघातांतून न सावरलेल्या, उपचारांनी फारसा गुण न आलेल्या ६४ स्त्रिया. निम्म्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एक तास योग, बाकीच्यांना तेवढाच वेळ आरोग्यशिक्षणाचा वर्ग. शेवटी योगाच्या गटातल्या निम्म्या जणी आघातोत्तर ताणविकाराच्या निकषांतून बाहेर आल्या, दुसऱ्या गटातल्या साधारण पाचातली एक. अभ्यास छोटा आहे, आणि त्या बायकांचे इतर उपचार बंद केलेले नव्हते, हेही ध्यानात ठेव. शिवाय त्यात अवघड आसनं नव्हती. स्वतःच्या अंगात काय चाललं आहे ते घाबरल्याशिवाय जाणवून घेणं, आणि नको असेल तिथे थांबणं, यावर भर होता.

बसून ध्यान करू का, असं तू विचारलंस. करायचं तर अभ्यास झाल्यावर, आधी नाही. भिंतीला पाठ टेकून, बुडाखाली जाड घडी घेऊन, पाच मिनिटं. नाकपुडीशी येणारा-जाणारा वारा बघायचा. मन गेलं तर जाऊ दे, ते जाणारच. आपण रागावलो नाही की लवकर परततं. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिराबद्दल तुझ्या मैत्रिणीने सांगितलं ते खरं आहे. गोएंकागुरुजींच्या त्या केंद्रात १९७६ पासून शिबिरं होतात, फी नाही, पहाटे चारला घंटा, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, पहिले तीन दिवस फक्त श्वास. मोठं काम आहे, आणि मी स्वतः त्याचा आदर करते. पण तिथे आसनं करायची परवानगी नसते, चालण्याची असते, आणि दिवसाचे दहा तास माणूस स्वतःबरोबर कोंडलेला असतो. ताज्या दुःखात तू आत्ता जाऊ नयेस असं माझं मत आहे. वर्षश्राद्ध होऊ दे, झोप रुळावर येऊ दे, मग बघ. जाशील तेव्हा अर्जात प्रकृतीचे, मनाच्या औषधांचे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं खरी दे.

आणि पडून राहणं असह्य झालं, डोळे मिटले की हॉस्पिटलचीच खोली दिसायला लागली, तर मिटू नकोस. ऊठ आणि चाल. काही दुःखं बसून निवत नाहीत. आपल्या लोकांना हे कधीचं ठाऊक आहे. आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटर चालत जाणाऱ्यांत नुकतंच माणूस गमावलेले किती तरी असतात. दमून भागून मुक्कामाला आल्यावर त्याच बायका फुगड्याही घालतात. तुला वारीला जा म्हणत नाही. टेकडीवर जा, एकटी, कानात काही न घालता. टाच, चवडा, टाच, चवडा. बोलावंसं वाटलं तर आईशी बोल, तिथे ऐकायला कुणी नसतं.

काय सापडेल, याची मोठी अपेक्षा ठेवू नकोस. साक्षात्कार वगैरे काही होत नाही. झालं तर असं होतं, की एक दिवस डोअरबेल वाजल्यावर आपला डावा खांदा वर जातो हे जाणवतं. नळाखाली पातेलं धरताना आपण श्वास धरून ठेवतो हे जाणवतं. नवरा ‘मी करतो’ म्हणाला की जबडा आवळतो, हेही. खाली आण, सोड, पुढे चल. वहीत लिहून त्याचं पुराण करू नकोस.

काही बाबतींत माझं ऐकायचं नाही, डॉक्टरांचं ऐकायचं. हाताला मुंग्या येऊन बोटांत जोर कमी वाटला, चक्कर आली, छातीत दुखलं, तर चटई गुंडाळून ठेव आणि दाखव. काचबिंदू किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर भिंतीवर पाय टाकून विपरीत करणी विचारल्याशिवाय नको. पाळीच्या दिवसांतही ती करायची नाही, असं आमच्याकडे शिकवतात. त्या दिवसांत लोडावर पडून राहणं पुष्कळ. झोप आणि भूक सुधारायच्या ऐवजी आणखी उडाली, किंवा आपण नसलो तर बरं असं मनात यायला लागलं, तर मला नंतर सांग, आधी मनोविकारतज्ज्ञाकडे जा. रात्रीबेरात्री १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. औषध घेतल्याने योगसाधना बाटत नाही.

दोनेक महिन्यांनी वर्गाला जावंसं वाटेल, आणि जावं. घरी एकटीने केलं की आपण आपल्या सोयीचं तेवढंच करतो. वर्ग निवडताना भिंतीवरची प्रमाणपत्रं आणि शिक्षिकेची लवचिकता बघू नकोस. एक दिवस मागे बसून नुसता वर्ग बघायची परवानगी माग. अंगाला हात लावण्याआधी बाई विचारतात का? एखादीला जमत नसेल तर तिच्यापुढे खुर्ची, वीट आणून ठेवतात, की शेजारणीकडे बघा म्हणतात? शेवटचं शवासन पुरतं देतात, की घड्याळ बघून दोन मिनिटांत उठवतात? वर्गात आधार घेणाऱ्यांना नवशिक्या म्हणून मागच्या रांगेत बसवत असतील, तर फी भरू नकोस, दुसरा वर्ग शोध.